मीटरचाचांनी बसवलेला बल्ब

मीटरचाचा गाडीचं बॉनेट लवकर उघडू देत नसत. गाडी कितीही कण्हत-कुंथत आलेली असो, आधी ड्रायव्हरला लिंबाखालच्या स्टुलावर बसवायचं आणि सगळं विचारून घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. "बॉनेट उघडलं की गिऱ्हाईक बोलायचं थांबतंय," ते म्हणत, "आन् निम्मा बिघाड त्याच्या तोंडातच आसतोय." अंथुर्ण्याच्या फाट्यावर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. व्होल्ट मोजायचा मीटर दोरीनं गळ्यात अडकवलेला असे, म्हणून हे नाव. त्यांचं खरं नाव घरच्यांनाही आठवूनच सांगावं लागत असेल.

मी पडलो तापट डोक्याचा, आणि माझा धंदाही थांबायचा नाही. बारामतीच्या हॅचरीतून कोंबडीची एक दिवसाची पिल्लं घ्यायची आणि माझ्या जुन्या व्हॅनमधून इंदापूर तालुक्यातल्या शेडांवर पोचवायची. खोक्यांमध्ये हवा खेळावी म्हणून मागे चार पंखे लावलेत, ते गाडीच्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे त्या उन्हाळ्यात बॅटरीचा लाल दिवा अधूनमधून पेटून राहायला लागला, तेव्हा माझं धाबं दणाणलं. चाचांच्या प्रश्नांना कोण बसतंय, म्हणून मी दोन दुसऱ्या मेकॅनिकांकडे गेलो. त्यांनी बॅटरी बदलली, पट्टा आवळला, एक्सिलेटर दाबून मीटर दाखवला. मीटर चौदा दाखवायचा, दिवा विझायचा. मग मी पिल्लं भरली की दिवा पुन्हा लागायचा. एकदा चाळीस पिल्लं गुदमरून मेली. बावड्याचे शेडवाले तात्या तेवढंच म्हणाले, "आनखी येकदा आसं झालं, तर मी दुसरीकडनं घेनार." माझी निम्मी पिल्लं त्यांच्याकडेच जात होती.

पुढच्या खेपेला भर बारा वाजता, दोन हजार पिल्लं मागे असताना, दिवा विझेना. अंथुर्ण्याजवळ पंखे मंदावले. पिल्लं ओरडतात तोवर ठीक असतं. उकाड्यानं ती गप्प व्हायला लागली की घाबरायचं. फाट्यावर पोचलो तेव्हा मागचा कलकलाट निम्म्यावर आला होता.

चाचांनी आधी दुकानातली बॅटरी आणून पंख्यांना जोडली. "ही अर्धीच भरल्याली हाय. वीस मिनटं काढंल. बस स्टुलाव."

"चाचा, बसायची वेळ आहे का ही? अल्टरनेटर बदला आणि सोडा मला!"

"बदलतो की. पर त्यो खराब नसला तर? बावड्याच्या अलीकडंच पुन्हा बंद पडशील." मग त्यांनी विचारलं, "रिकामी गाडी आसताना दिवा लागतो का?"

"नाही. पिल्लं असली की लागतो. माझं नशीबच फुटकं."

"पिल्लं आसताना गाडी कशी चालवतोस?"

"हळू. त्यांना दणके बसू नयेत म्हणून."

चाचांनी इंजिन बंद करून मला नुसती चावी फिरवायला लावली आणि बॉनेट उघडून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या पुलीला स्क्रूड्रायव्हर टेकवला. "चिकटाया पायजे हितं. आत चुंबक तयार झालं की चिकटतंच." तो चिकटत नव्हता. मला घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं. अकरा मिनिटं गेली होती.

चाचांनी डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मागे हात घालून त्यांनी तो इवलासा बल्ब काढला. एलईडीचा होता. महिन्यापूर्वी मीटरबोर्ड दुरुस्त करताना त्यांनीच हौसेनं बसवला होता, जास्त टिकतो म्हणून. जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच थोडी वीज अल्टरनेटरला जाते, आणि ती मिळाली की तो बॅटरी भरायला लागतो. एलईडीतून ती पुरेशी जात नव्हती. गाडी जोरात पळवली की अल्टरनेटर आपसूक जागा व्हायचा. पिल्लांसाठी मी जपून चालवायचो, तेव्हा झोपलेलाच राहायचा.

त्यांनी साधा बल्ब घातला, व्हॅन सुरू केली. दिवा लगेच विझला, मीटर चौदावर गेला, पंखे घोंगावायला लागले. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच चाचा म्हणाले, "संजूराव, तुझी ती चाळीस पिल्लं माझ्या हातनं मेली."

शिव्या ओठावर आल्या होत्या, पण मी गाडीत बसून बावड्याची वाट धरली. मला एका बल्बात आणि दुसऱ्यात काडीचा फरक कळत नव्हता. ते गप्प बसले असते तर मी त्यांचे पायच धरले असते.

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस दुकान बंद. ज्या सात-आठ जुन्या गाड्यांत तो बल्ब गेला होता, त्यांच्या मालकांकडे चाचा मोपेडवरून गेले, थेट मोरगावपर्यंत. बल्ब बदलला आणि प्रत्येकाला सांगितलं की चूक माझी. लोकही मोठे गुणी. चाचांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक रोडावलं.

मी चिडून म्हणालो, "गपचूप बदलायचा होता की!"

"आन् त्यो गाडीवाला? आपल्याच नशिबाला बोल लावत बसला आसता. तुझ्यागत."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. दुकान बंद झालं.

या उन्हाळ्यात बावड्याला पिल्लं उतरवून परत निघालो आणि वाटेत आठवलं की खोक्यांच्या मागच्या ओळीवरची ताडपत्री निघताना काढायची राहिली होती, वाटभर तिथं हवाच खेळली नव्हती. उतरवताना त्या खोक्यांतली पिल्लं जरा सुस्तच वाटली होती. तात्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. तात्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. न्हायतर पिल्लं सुस्त का म्हनून आमी पान्याच्या भांड्यातच खोट हुडकत बसलो आसतो."

पुढची पिल्लं मात्र त्यांनी दुसरीकडून घेतली. ते कळलं त्या दिवशी मी रिकामी व्हॅन घेऊन फाट्यावर गेलो आणि बंद शटरसमोर बराच वेळ थांबलो. झालेलं सगळं मला फक्त चाचांना सांगायचं होतं.