इरफान बोलायचा तेव्हा

इरफान गेल्याची बातमी मला आवाजाशिवाय कळली. मी नाशिकला लेकीकडे होतो. व्हिडिओ कॉल आला, पडद्यावर त्याची बायको नसरीन होती, मागे बीडच्या एका खासगी दवाखान्याचा जिना. नसरीनला जन्मापासून ऐकू येत नाही. इरफानलाही यायचं नाही. तिने एक हात छातीवर ठेवला, मग तळवा हळूच उपडा केला... आणि तो तसाच राहिला. आतून लेकीने विचारलं, "कोण आहे, बाबा?" मी फोन तसाच घेऊन आत गेलो.

वडवणीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे अब्बा मोटारी भरायचे, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. ऐकू न येणाऱ्या मुलांची वेगळी शाळा असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरं त्याला मुक्या म्हणायची. हजेरीत त्याचं नाव आलं की 'हजर' मी म्हणायचो. भूक, भाकरी, मास्तर, पळ... आम्ही आपल्या आपण काही खुणा ठरवल्या होत्या, तेवढ्यावर शाळा निभावली. पुढे तो अब्बांच्या दुकानात बसला आणि मी गावातच शिक्षक झालो. पण मी परगावी गेलो की आमचं बोलणं तुटायचं. लिहिणं त्याला जेमतेम यायचं. गावभर मोबाइल वाजू लागले तरी त्याच्याकडे नव्हता. थोरला भाऊ सलीमभाई म्हणायचा, "कावून घ्यायचा? कानाला लावून काय करंल ह्यो?"

मग व्हिडिओ कॉलचे फोन आले, तसा त्यानेही एक घेतला. पहिल्यांदा मी शाळेच्या पटांगणातून त्याला लावला. मला पाहून तो हसला नाही. दुकानाबाहेर आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, मी खरंच जवळपास नाही याची खात्री करून घेतली, आणि मग रडायला लागला.

त्यानंतर तो थांबला नाही. व्हिडिओ बघून बघून रीतसर सांकेतिक भाषा शिकला, माझ्या बोटांवर चापट्या मारत मलाही शिकवली. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली ऐकू न येणारी माणसं त्याच्या दुकानात जमू लागली. कॉल कसा लावायचा, समोरच्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत कसं उमटवायचं, हे तो दाखवायचा. ओळखीतून ओळख निघत कडा गावची नसरीन त्याला फोनवरच भेटली. तोवर तिला घरातल्या चार खुणांपलीकडे भाषाच नव्हती. लग्नाचं निघालं तेव्हा तिचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, पोरगी दिवसभर फोनपुढं हात हालवती. लई हासती बी. काय बोलत आसंल?"

"तिलाच विचारा की."

"मला कुठं येतंय इचारायला..."

एकदा सरकारी दवाखान्यात एक मुकी बाळंतीण अडली होती आणि डॉक्टरबाईंना तिचं काही कळेना. कुणीतरी इरफानला कॉल लावला, मी तेव्हा त्याच्या दुकानातच होतो. खेड्यातल्या माणसांच्या घरच्या खुणा मला उमगायच्या नाहीत, त्याला उमगायच्या. त्याने तिला विचारलं, मला खुणेने सांगितलं, मी मोठ्याने बोललो. आई आणि बाळ दोघंही वाचली. तेव्हापासून तहसीलमधून, बँकेतून, दवाखान्यातून कॉल यायचे. तो बघायचा, मी बोलायचो.

त्याच्या स्वतःच्या छातीत कळ आली ती सकाळी. सलीमभाई आणि नसरीनने त्याला बीडला नेलं. खाली तपासताना नसरीनच्या फोनवर मी होतो. कळ कधीपासून, जबडा दुखतो का, साखर आहे का, सगळं त्याने सांगितलं आणि मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. मग त्याला आयसीयूत हलवलं. आत फोन नेऊ देत नाहीत. नियम होता, आणि तिथल्या सिस्टर काही वाईट नव्हत्या. तो जोरजोरात हात हलवू लागला तेव्हा पेशंट बिथरला असं त्यांना वाटलं. सलाईनची सुई निघू नये म्हणून त्यांनी त्याची दोन्ही मनगटं पट्टीने खाटेला बांधली.

मी फोनवरून ओरडलो, "सलीमभाई, सांगा त्यांना, तो बोलतोय!"

"सांगितलं, गुरुजी. म्हणत्यात, पेशंटला आराम पायजे."

नसरीन दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. त्याची बोटं तेवढी मोकळी होती, ती हलत होती. तिने बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे वळून खूण केली. मी सलीमभाईला सांगितलं, सलीमभाईने सिस्टरला. थंडी वाजतेय, एवढंच होतं ते. सिस्टरने लगेच ब्लँकेट आणून गळ्यापर्यंत पांघरलं, चांगलं दोन्ही बाजूंनी खोचलं... आणि बोटं दिसेनाशी झाली. नसरीन काच वाजवत राहिली. आतून पडदा ओढला गेला. दुपारी तिचा पुन्हा कॉल आला तो जिन्यावरून.

ब्लँकेटखाली तो आणखी काय बोलला असेल, हे ती मला अजून विचारते.

नंतर आम्ही दोघं तिथल्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आमच्या लक्षातच आलं नाही, म्हणाले, आणि ते खरंच असावं. यापुढे अशा पेशंटचा फोन आत नेऊ देऊ, असंही म्हणाले. नसरीनने एक खूण केली. मी ती बोलून दाखवली, "त्या विचारतायत, आणि हात?"

दुकानाचं शटर आता बाजाराच्या दिवशी नसरीन उघडते. माणसं येतात, बसतात. गेल्या बाजाराला नारायणगडाकडचा एक म्हातारा आला, पुण्यातल्या मुलाने घेऊन दिलेला नवाकोरा फोन मुठीत धरून. ऐकू न येणाऱ्यांत प्रत्येक माणसाच्या नावाची एक खूण असते. इरफानच्या भुवईत जुनी खोक होती, म्हणून भुवईवरून बोट ओढलं की इरफान. म्हाताऱ्याने भुवईवरून बोट ओढलं आणि कुठाय, असा तळवा पसरला. सगळ्यांचे हात मांडीवरच राहिले. नसरीनने सांगायला हात उचलले, पण न सांगताच त्याच्यापुढे स्टूल सरकवलं आणि फोन घेऊन कॉल कुठे दाबायचा ते दाखवलं. मुलगा पडद्यावर आला. म्हातारा तोंडभर हसला, भुवईवरून पुन्हा बोट ओढलं, आणि मुलाला इरफान दाखवायला म्हणून फोन सगळ्या दुकानभर फिरवू लागला.