खालून हाक मारायची नाही

अवसरी बुद्रुकमध्ये कुणाच्या घरी लग्न ठरलं की पत्रिका वाटायला हौशीरामला बोलावत. त्याची स्वतःची शेती आहे, बरीचशी मुरमाड. पण गाव त्याला ओळखतं ते पत्रिकांवरून. सायकलच्या दांडीला पिशवी, पिशवीत पत्रिका, कागदाच्या पुडीत अक्षता आणि डोक्यात सगळी घरं. गावठाणातली, मळ्यांतली, टेकाडांवर एकेकटी उभी असलेली. पत्रिकेच्या तळाशी एक ओळ छापतात, ‘नजरचुकीने निमंत्रण न मिळाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ त्या ओळीचा त्याला फार राग. “नजरचूक व्हायला डोळं काय गहाण पडल्यात व्हय?” म्हणायचा.

पत्रिका त्याने कधी रस्त्यात कुणाच्या हातात कोंबली नाही. दारात सायकल लावायची, चपला पायरीशी काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि मग तोंडाने सांगायचं, “समद्यांनी यायचं बरं का.” यात वेळ जायचा. लग्नघरचे लोक चिडायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तसंच करायचा.

कालव्याच्या पलीकडे टेकावर बौद्धांची सहा घरं आहेत. चढ असा की सायकल हातात धरून चालावं लागतं. हौशीरामच्या आधी पत्रिका वाटणारे खाली बाभळीपाशी थांबून वर हाक मारत. वरून कुणीतरी उतरून येई, आणि अख्ख्या वस्तीला मिळून एक पत्रिका त्याच्या हातात पडे. हौशीराम हे काम करू लागला तेव्हा पहिल्याच खेपेला सायकल खांद्यावर घेऊन वर गेला आणि घरटी एक पत्रिका दिली. हे मला सांगितलं ते वस्तीतल्या चिमाबाईंनी. हौशीराम स्वतः याबद्दल बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, “गुरुजी, घरं सा व्हती, मंग पत्रिका सा.”

पुढे पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या. हौशीरामची सायकल पडवीत उभी राहिली.

दोन हिवाळ्यांपूर्वी आदेश नावाचा तरुण गावात आला. चाकणला एका कंपनीत इंजिनिअर. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन माळरानातून आणि डोंगरातून हिंडणाऱ्यांचा त्याचा एक गट आहे. अवसरीहून निघून ओझरच्या गणपतीपर्यंत जायचं, पण डांबरी रस्त्याला शक्यतो चाक लागू द्यायचं नाही, असा मार्ग त्याला हवा होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी हौशीरामचं नाव सांगितलं.

दोघं दिवसभर हिंडले. कालव्याची कड, उसातल्या गाडीवाटा, बांध, मग मुरमाच्या उघड्या टेकड्या, पुन्हा सपाटी. संध्याकाळी आदेशने मोबाइलवर उमटलेली रेघ पाहिली. जिलबीसारखी दिसत होती.

“काका, इथून इथे सरळ जाता येतं. आपण तीन टेकड्या फिरून आलो.”

“मंग मधल्या वस्त्या सुटल्या असत्या की.”

“पण वस्तीत आपलं काम काय?”

“काम नसतंय. जायाचं असतंय.”

आदेश हसला. चढउतार त्याला हवेच होते. तो मार्ग घेऊन परत गेला. आणि इकडे हौशीरामने आपल्या सवयीने जे केलं, ते आदेशच्या कल्पनेतही नव्हतं. मार्गावरच्या प्रत्येक घरी तो जाऊन आला. चपला काढल्या, पाणी प्याला आणि सांगितलं, “अमक्या रविवारी साठेक सायकलवालं तुमच्या दारावनं येणार हायत.”

आधीच्या रविवारी आदेश चार-पाच मित्रांना घेऊन चाचणीला आला, तेव्हा पहिल्या वस्तीवर चहा झाला, दुसऱ्या वस्तीवर पोहे, तिसऱ्या वस्तीवर टॉवेल-टोपी आणि नारळ. एकाने नारळ सायकलच्या बाटलीच्या खोबणीत बसवायचा प्रयत्न केला. तो उतारावर सुटून उसात गेला. बिबट्याच्या भीतीने आणायला कुणी आत गेलं नाही. ओझरला पोचेपर्यंत दुपार टळली. टेकावरच्या वस्तीला तर ते गेलेच नाहीत, वेळच उरला नव्हता.

आदेशने मार्ग छाटून आखूड करायला घेतला. बहुतेक ठिकाणी काही बिघडलं नाही. घरं रेघेपासून फार लांब नव्हती, माणसं बांधावर येऊन उभी राहू शकत होती. टेकावरची वस्ती मात्र पुरती सुटली.

“तिथल्या लोकांना खाली बाभळीपाशी बोलवा ना काका. आम्ही थांबू दोन मिनिटं. खालून हाक मारू.”

हौशीराम म्हणाला, “येतो म्हणून सांगून आलोय मी. या म्हणून न्हाई.”

“साठ माणसं आहेत. त्या चढावर कुणाला चक्कर आली तर जबाबदार मी.”

आदेशचंही चुकत नव्हतं. बाभळीच्या हाकेबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि हौशीरामने तेव्हाही सांगितलं नाही.

तो वर गेला. चिमाबाईंची सून रत्ना कांद्याच्या वाफ्यात होती. ही माझी विद्यार्थिनी. तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. त्याने सगळं सांगितलं.

“म्हंजी आमी खाली उतरायचं?” रत्नाने विचारलं.

“त्यो तसं म्हनतोय,” हौशीराम म्हणाला.

“सांगायला तरी वर आलात भाऊ. पण आमी काय खाली येणार न्हाई. ताक मी करणार. ज्याला यायचं त्यानं वर यावं.”

रविवारी हौशीरामने सर्वांत पुढे राहून वाट दाखवायची असं ठरलं होतं. सकाळीच त्याने आदेशला सांगितलं, “मला मागं ठिवा.” पुढचा जिथे वळेल तिथे सगळे वळणार, हे त्याला कळत होतं, साठ जणांना फसवून वर न्यायचं त्याच्या मनात नव्हतं. आदेशने ते मान्य केलं. गटाचा नियम साधा होता. शेवटच्या माणसाच्या मागे कुणीही राहायचं नाही, आणि त्याला एकटं सोडून पुढेही जायचं नाही.

बाभळीपाशी मंडळी थांबली, शिट्ट्या झाल्या. वरून कुणी आलं नाही. मंडळी पुढे गेली. मागे राहिला हौशीराम आणि त्याच्यापुढे धापा टाकणारी समृद्धी, पुण्याच्या एका बँकेतली.

“ताई, तुमी सरळ व्हा. मला वर यका घरी जायचंय.”

“पण काका, तुम्हाला सोडून जायचं नाही असं सांगितलंय.”

“मंग सायकल ढकलावी लागंल.”

दोघं वर पोचले तेव्हा अंगणात पाण्याचे पिंप, ताकाच्या दोन घागरी आणि पालथे घातलेले पेले होते. रत्नाने कमरेवर हात ठेवून पाहिलं.

“साठाचं दोन झालं?”

“त्यातला मी घरचाच. यकच धरा.”

ओट्यावर बसलेला तिचा नवरा प्रबुद्ध हसला. चिमाबाईंनी समृद्धीला आपल्याजवळ बसवून घेतलं. “डोक्यावर ह्ये काय गं पालथं टोपलं? काढ, वारं लागू दे. कुणाची गं तू?”

समृद्धीचा दुसरा पेला चालू होता तेव्हा खालून शिटी आली. मग गटाचं सामान वाहणाऱ्या टेंपोचा हॉर्न. मग लांबवर हाक, “हौशीराम काकाऽऽ!” ती गडबडीने उठली.

“बसा,” हौशीराम म्हणाला. “खालनं मारलेल्या हाकंला हितं कुनी ओ देत न्हाई.”

हॉर्न पुन्हा दोनदा वाजला आणि थांबला. बऱ्याच वेळाने चढावर आदेश दिसला. सायकल ढकलत, लालबुंद.

“काका, दोन माणसं गायब! मला वाटलं पडलात कुठे. फोन तरी घ्यायचा!”

“फोन घरी हाय.”

आदेश आणखी बोलणार होता, पण रत्नाने त्याच्यापुढे पेला धरला. तो उभ्यानेच प्यायला लागला. चिमाबाई म्हणाल्या, “बसून पी रं, ठसका लागंल.” तो बसला. दुसरा पेला प्याला. दम खाऊन झाल्यावर त्याने अंगणातली ती सगळी मांडामांड नीट पाहिली.

“ताई, माझं चुकलं. पुढच्या वर्षी मार्ग ठरला की मी स्वतः वर येऊन सांगेन.”

“सांगाया कशाला,” रत्ना म्हणाली, “प्यायला या.”

यंदाही मार्ग बाभळीपासून सरळच गेला. चढ काही कमी झालेला नाही. हौशीराम यंदाही शेवटी होता. फक्त त्याच्या आसपास रेंगाळणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे, चांगले दणकट गडीसुद्धा बाभळीपाशी येऊन अचानक दमतात, अशी आदेशची तक्रार आहे.