यानप्रमुख

पितळेच्या पॉलिशचा वास आला की श्रीरामपुरातला आमचा विज्ञानकथांचा क्लब आठवतो. नव्वदच्या दशकात आम्ही दहाबारा जण दर रविवारी शाळेच्या वर्गात जमायचो, लष्करासारखे हुद्दे लावून फळ्यावर अंतराळमोहिमा आखायचो. एका वर्षी क्लबचं पदक एसटी स्टँडसमोरच्या पानटपरीवाल्याला होतं, तोही आमच्यातलाच. गावाला तो नुसता ‘ए पानवाला’, पण आमच्यात यानप्रमुख. कार्यक्रमाला अर्धा तास असताना मी कोरणाऱ्याच्या दुकानातून पदक घेतलं आणि अक्षरं वाचली. पितळेवर ठसठशीत कोरलं होतं, ‘पानप्रमुख’. कोरणारा म्हणाला, “तुमी चुकून यान लिव्हलं हुतं, म्या नीट केलं. पानाची टपरी हाय ना त्यांची?” आता बदलायला वेळ नव्हता. कार्यक्रमात मी खाली मान घालूनच ते यानप्रमुखाच्या खिशावर लावलं. त्याने वाचलं. मग त्याने खाडकन सॅल्यूट ठोकला आणि सगळ्यांना विचारलं, “बोला, चुना कमी का जास्त?” हसून हसून आमची शिस्त पार मोडली. परवा गेलो तर टपरीच्या पाटीवर ‘पानप्रमुख’ हाच हुद्दा रंगवलेला, आणि तो पदक घासत बसलेला. पान मागायच्या आधी मी टाचा जुळवल्या.