हळदीच्या कापडावरचा बनियन

न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आमच्या शेजारी एक चिनी चित्रकार बाई राहायची. मधल्या कुंपणाची एक फळी निखळली होती. ती बसवायचं यजमानांनी पहिल्याच वर्षी कबूल केलं आणि देवकृपेने कधी बसवली नाही. त्या फटीतून आमच्या वाट्यांची देवाणघेवाण चाले.

मी तेव्हा पंचेचाळिशीतली. पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली आणि स्वतःला चित्रकलेतली जाणकार समजणारी. का, तर शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षांत मला ए ग्रेड मिळाली होती. तेवढ्या भांडवलावर मी त्या बाईला सल्ले द्यायची, आणि ती चीनमधल्या कला महाविद्यालयातून शिकून आलेली! आज वाटतं, तेव्हाच्या माझ्यातल्या शहाणीला कान धरून कोपऱ्यात उभं करावं.

"या बांबूला सावलीच नाही," मी एकदा तिला म्हणाले. "प्रकाश कुठून येतोय ते आधी ठरवायचं असतं."

"हो, टीचर."

तेव्हापासून मी तिची टीचर. दोघींचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे हा टोमणा आहे हे कळायला मला वर्ष लागलं.

ती आली तेव्हा शाईने बांबू आणि मोठाली गुलाबी फुलं काढायची. रविवारच्या बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी, ती चित्रं बरी खपायची. सगळे तिला फुलवाली म्हणून ओळखू लागले आणि तेच तिला सलायला लागलं. मग तिने फुलं बंद केली. एक हिवाळाभर ती वापरलेल्या टी-बॅग्ज वाळवून एकमेकींना शिवत बसली. आमच्याकडे चहा उकळायचा, तिथे बॅग्ज कुठल्या! मी डबाभर चोथा नेऊन दिला. नंतर तिने गंजके खिळे ओल्या कापडात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तांबूस डाग उमटत.

"याला आम्ही कपडे नासवणं म्हणतो," मी म्हणाले.

"हो, टीचर."

आणि एके दिवशी लायब्ररीजवळच्या छोट्या गॅलरीने तिला तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन देऊ केलं. समोरची मोठी भिंत तिची. लगबगीने सांगायला आली, पण चेहरा उतरलेला. गॅलरीवाली म्हणाली होती, नवीन काही जमलं नाही तर फुलं लाव, लोकांना आवडतात.

"यावेळी फुलं लावली," ती म्हणाली, "तर मरेपर्यंत फुलंच."

मी तडक घरी जाऊन हळदीचा डबा आणला. "ही घे. हिचा डाग जन्मात जात नाही."

आता बघा. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे मराठी घरातल्या पोरीसोरींना ठाऊक असतं. यजमानांच्या शर्टावरचं वरण मी लग्नापासून उन्हात घालवत आले होते. पण कलेचा विषय निघाला की माझी घरातली अक्कल घरातच राहायची.

तिने एक जुनी डबल चादर घेतली आणि आठवडाभर तिच्यावर हळदीचे थरावर थर दिले. शेवटचा हात देऊन, चादर आत जमिनीवर पसरून, ती भिंतीची मापं घ्यायला गेली. मला म्हणाली, "जरा लक्ष ठेव."

लक्ष ठेवायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं, हे मला कधी जमलंय? बाहेर जानेवारीचं कडकडीत ऊन. वाराही नेमका त्या दिवशी रजेवर. मी चादर उचलली आणि आमच्या वाळवणाच्या तारांवर टाकली. माझं धुणंही निघालं होतं, चिमटे कमी पडले. म्हणून यजमानांचा बनियन आणि मोजे त्याच चिमट्यांत, चादरीवरच अडकवले आणि निवांत वामकुक्षीला गेले.

उठले ती तिच्या हाकेने. बाहेर येऊन बघते तर चादर पांढुरकी पडलेली. बनियन तिच्या हातात, पिवळाजर्द. आणि चादरीच्या मधोमध, गडद पिवळ्या रंगात, दुसरा बनियन उमटलेला. बाह्यांच्या भोकांसकट. शेजारी दोन मोजे.

"परत लावू या," मी म्हणाले. "आत्ता कालवते हळद."

"हात लावू नको, टीचर."

ती चादरीभोवती एक फेरी मारून आली. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "प्रकाश कुठून आला?"

मी मुकाट्याने वर बोट दाखवलं.

"ठरलं एकदाचं!" असं म्हणून ती हसायला लागली, ती गवतावर बसेपर्यंत. डोळे पुसत म्हणाली, "आणखी काय आहे धुतलेलं?"

पुढचे दिवस आम्ही गल्लीभर कपडे मागत हिंडलो. कुणाचे टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, कुणाचे जँडल्स म्हणजे रबरी सपाता, एक रग्बीची जर्सी, माझं परकर-पोलकं. सगळं हळदीच्या कापडांवर मांडून उन्हात. ती मांडायची, ऊन रंगवायचं आणि मी, नवल म्हणजे, गप्प बसायची.

पुढे ती मोठ्या गॅलऱ्यांत गेली. हळद सोडून राखेकडे वळली, राखेकडून लोकरीकडे. पण मला आठवते ती त्या छोट्या प्रदर्शनाची पहिली संध्याकाळ. भिंतीवर ते पिवळे कपडे, आणि फुलांचं नाव कुणी काढत नव्हतं.

"अगं, हा माझा!" यजमान मोठ्याने म्हणाले.

"अहो, हळू. म्हणून तर मधोमध लावलाय."

गॅलरीवालीने काळजीने विचारलं, हा रंग आणखी उडेल का?

"उडेल," चित्रकार बाई म्हणाली. "मग पुन्हा धुणं धुवू."

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ही पद्धत शिकलात कुठे? तिने मला दंडाला धरून पुढे ढकललं. "ही माझी टीचर."

निमूट हसून मागे सरकावं की नाही? नात हा प्रसंग ऐकते तेव्हा उशीत तोंड खुपसते, "आजी, सो एम्बॅरसिंग!" पण मी पदर सावरला, घसा खाकरला आणि गंभीरपणे सांगितलं,

"इंटरमिजिएटला ए ग्रेड होती माझी."