बारा खणांचा खोका

मीरा-भाईंदरमध्ये मोबाइल फोनचा सगळ्यात कडवा वैरी कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन. आणि याच मीरा-भाईंदरमध्ये दिवसातला सगळ्यात जास्त वेळ फोनवर बोलणारा माणूस कोण, असं विचारलं तरी माझं बोट तिथून हलणार नाही. हे ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण मी त्यांच्याकडे नोकरी करतो आणि गेली तीन वर्षं मी या माणसावर रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मनापासून चिडलेला असतो. रविवारी घरी बसून चिडतो.

मामांचा हाटकेशला मिठाईचे खोके बनवण्याचा छोटा कारखाना आहे. छापलेला पुठ्ठा येतो, पंचिंग मशीनवर कापला जातो, मग टेबलांवर बायका-पुरुष मिळून त्याचे खोके चिकटवतात. अकरा माणसं, आणि माझी दादरची नोकरी गेल्यावर मी बारावा. ऑर्डरी बघणं, दुकानदारांना नमुने पाठवणं, असं माझं काम. मामांनी मला घेतलं ते भाचीच्या प्रेमापोटी, पण पहिल्याच दिवशी दारात हात पुढे करून म्हणाले, ‘‘जावईबापू, मोबाइल.’’ मला वाटलं, नंबर घ्यायचाय. त्यांनी फोन घेतला, बंद केला आणि एका भल्यामोठ्या खोक्यात ठेवून दिला.

तो खोका हे मामांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम आहे, असं त्यांचं स्वतःचं मत. दिवाळीला सुका मेवा भरून देतात तसला बारा खणांचा, आतून लाल मखमली कागद, वर सोनेरी किनार. प्रत्येक खणावर नाव. मला जावई म्हणून पिस्त्याचा खण मिळाला. दहा वाजता सगळ्यांचे फोन बंद होऊन त्यात निजायचे, वरून झाकण, झाकणावर रबरबँड, आणि तो खोका मामांच्या टेबलावर, त्यांच्या कोपराखाली. कुणी नजर टाकली तरी कोपर आणखी जड व्हायचं.

या नियमाला कारण नव्हतं असं मी रागातसुद्धा म्हणणार नाही. पंचिंग मशीनवर काशिनाथ असतो. जवळच्या मोरवा गावचा माणूस, मशीनवर वीस वर्षं झालेली. मी यायच्या आधी एकदा तो मशीनला फोन टेकवून मॅच बघत होता. आठशे झाकणांवरचा गणपती डोकं खाली करून कापला गेला, आणि आठशेएकाव्या वेळी पातं त्याच्या अंगठ्याच्या नखावरून गेलं. नखावर निभावलं. त्या दिवशी मामांनी त्याला डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि बाहेर आल्यावर रस्त्यात उभं राहून अर्धा तास शिव्या दिल्या. काशिनाथ अजून सांगतो, ‘‘अंगठा नाय दुखला रं, पन शिव्या लय दुखल्या.’’ दुसऱ्या दिवशी खोका तयार होता.

पण अकरा घरांतली माणसं अकरा माणसांना दिवसभर फोन करणारच. त्यावर मामांनी उपाय काढला. त्यांच्या गळ्यात नाडीला बांधलेला एक बटणांचा फोन असायचा. त्याचा नंबर त्यांनी सगळ्यांच्या घरी कळवला, आणि तिथून जो छळ सुरू झाला त्याला तोड नाही. फोन आला की मामा तीन प्रश्न विचारायचे. कोण बोलतंय? कशासाठी? थांबता येईल का? थांबता येत नसेल तर माणसाला बोलावणार. येत असेल तर निरोप पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून त्या माणसाच्या टेबलावर ठेवणार, आणि लिहिलेली बाजू खाली, पांढरी बाजू वर. दुसऱ्याचा निरोप तिसऱ्याने वाचू नये, एवढा सभ्यपणा त्यांच्यात आहे. स्वतः मात्र सगळ्यांचे सगळे निरोप तोंडपाठ. टेम्पोवाल्या इम्तियाजच्या बायकोने कोथिंबीर आणायला सांगितली तर मामा तिला हिंदीत विचारणार, आज काय करतेय, परवा पण भेंडीच होती ना. काशिनाथच्या सासूच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते मामा ठरवणार. माझ्या लग्नाच्या वाढदिवशी बायकोने फोन केला. तिला उत्तर मिळालं की तो कामात आहे आणि तूही काहीतरी कामाला लाग. मला चिठ्ठी मिळाली ती अशी : ‘आज लग्न. गजरा.’ मी गजरा नेला. तिने तो घेतला आणि विचारलं की हा तुझा की मामांचा? त्या रात्री मी जेवलो नाही.

मी त्यांना हे तोंडावर सांगितलंय. म्हटलं, मामा, माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात म्हणून तुम्ही माणसांच्या घरात डोकं घालता. ते शांतपणे म्हणाले, ‘‘कुणाची बोटं गेली का आजपर्यंत?’’ बोटं सगळ्यांची शाबूत होती, आणि हे त्यांना माहीत होतं. मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच.

आता सुनंदाताईंचं सांगतो.

सुनंदाताई परभणीकडच्या. सिल्व्हर पार्कच्या मागे राहतात, नवरा सिक्युरिटीत. चिकटवण्याच्या टेबलावर त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. खोक्याच्या तळाला खळ फिरवायची, डावीकडच्या गठ्ठ्यातून तळाचा पुठ्ठा उचलायचा, पांढरी बाजू वर ठेवून दाबायचा, खोका उजवीकडे. एकदा लय लागली की त्या खाली बघतसुद्धा नाहीत. गेल्या दिवाळीआधी त्यांचे वडील गावी आजारी होते. अर्धांगाचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. तीन आठवडे त्या कामावरून घरी गेल्यावर रोज फोन लावायच्या. भाऊ वडिलांच्या कानाशी फोन धरायचा, आणि सुनंदाताई एकट्याच बोलायच्या. खोके किती झाले, मुलीला किती मार्क पडले, असं काहीबाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, असं त्या मला म्हणाल्या होत्या. रजा मागायला त्या संकोचत होत्या, कारण ऑर्डरी अंगावर होत्या. दिवाळी झाली की जाते म्हणत होत्या.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मामांच्या गळ्यातला फोन वाजला. सुनंदाताईंचा भाऊ होता. वडिलांची वाचा आली होती. पहिला शब्द म्हणून त्यांनी सुनंदाताईंचं नाव घेतलं होतं. मामांनी आपले तीन प्रश्न विचारले. आता तो भाऊ म्हणजे खेड्यातला सज्जन माणूस, आणि पलीकडे बहिणीचा मालक. थांबता येईल का, असं मालकाने विचारल्यावर तो काय म्हणणार? म्हणाला, येईल की साहेब, तिचं काम उरकू द्या, सावकाश लावू द्या. मामांना मनापासून आनंद झाला. त्यांनी चिठ्ठी लिहिली : ‘सुनंदा, बाबा बोलले. फोन कर.’ सुनंदाताई पाणी प्यायला गेल्या होत्या. मामांनी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर डावीकडे ठेवली, नेहमीसारखी, पांढरी बाजू वर.

फक्त त्या दिवशी पुठ्ठ्याचे तुकडे संपले होते. भंगारवाला सकाळीच सगळे घेऊन गेला होता. म्हणून मामांनी लिहायला तळाचाच एक पुठ्ठा घेतला होता.

दुपारी डबे खाताना मामा एकदम उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘या सुनंदाकडे बघा. मनात काय काय असेल हिच्या, पण हात थांबला नाही. याला म्हणतात कामावरचं लक्ष.’’ त्यांना वाटलं होतं, तिने चिठ्ठी वाचलीय आणि काम उरकून सहाला फोन लावणार आहे. सुनंदाताई लाजल्या. तीन आठवड्यांत त्यांना पहिल्यांदाच हसताना मी पाहिलं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हे आठवलं की मला माझे हात कुठे ठेवू कळत नाही.

सहाला त्यांनी आपल्या खणातून फोन घेतला. चालू केला तेव्हा त्या रस्त्यात होत्या. वडील पाच वाजता गेले होते.

त्या पंधरा दिवसांनी परत आल्या. गावी वडिलांच्या पुण्यानुमोदनाला लोक जमले तेव्हा त्यांनी भावाला विचारलं होतं की वाचा आली तर मला कळवलं का नाहीस. भाऊ म्हणाला, कळवलं की, तुझ्या मालकाला सांगितलं होतं. कारखान्यात आल्यावर सुनंदाताईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मामांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘मामा, त्या दिवशी माझ्या भावाचा फोन आलता का?’’

मामा म्हणाले, आला होता, मी चिठ्ठी ठेवली होती. आणि हे म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की तिला ती मिळालीच नाही. मग त्यांनी टेबल शोधलं, टेबलाखाली शोधलं, गुडघ्यांवर बसून रद्दी उपसली. सुनंदाताई नुसत्या आपल्या टेबलाकडे बघत होत्या, डावीकडच्या गठ्ठ्याकडे. मग म्हणाल्या, ‘‘नका शोधू. मीच चिकटवली असंल ती.’’

काशिनाथने मशीन बंद केलं.

त्या दिवशी मी मामांना बोललो. साठलेलं सगळं बोललो, आणि ते सासऱ्यांच्या जागी आहेत हे विसरून बोललो. थांबता येईल का हे विचारणारे तुम्ही कोण, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं. तो म्हणाला, येईल.’’ हे त्यांनी दोनदा सांगितलं, मला नाही, स्वतःलाच. मग गळ्यातली नाडी काढायला गेले तर ती चष्म्याच्या काडीत अडकली, आणि सुनंदाताईंनीच पुढे होऊन ती सोडवली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘माझं नाव घेतलं होतं ना बाबांनी? एवढं तर खरंय ना?’’ मामांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून फोन टेबलांवर आले. बारा खणांच्या खोक्यात आता टाचण्या आणि रबरबँड असतात. काशिनाथने मशीनला फोन पुन्हा टेकवून बघितला. तेव्हा मामा मशीनजवळ खुर्ची घेऊन बसले आणि अजून बसतात. कुणाचाही फोन वाजला की स्वतः उठून मशीनचं बटण बंद करतात आणि म्हणतात, ‘‘घे आधी.’’ लोन विकणाऱ्या मुलीचा फोन असला तरी मशीन बंद. पुठ्ठा वाया जातो, ऑर्डरी उशिरा जातात, दुकानदार माझ्यावर ओरडतात आणि मी मामांवर ओरडतो. पूर्वी ते उलट ओरडायचे. आता ओरडत नाहीत, त्याचाही मला राग येतो.

त्या दिवाळीनंतर आठवडाभर ते स्कूटर घेऊन आमच्या चारही दुकानदारांकडे जाऊन आले. उरलेले खोके मागून घेतले आणि एकेकाचा तळ नखाने उचकटून बघितला. भाईंदर पश्चिमेच्या दुकानदाराने मला फोन करून विचारलं, ‘‘भाई, मामा को क्या हुआ? पेटी तो लोग ले गया.’’ खरं होतं ते. दोन हजार खोके घरोघर गेले होते. काजूकतली संपली असेल, आणि कुणाकुणाच्या घरी त्यात आता बटणं असतील, सुया-दोरे असतील, औषधांच्या पट्ट्या असतील.

परवा माझ्या मुलीचा वाढदिवस होता. मामा आले, सोफ्यावर बसले, नातीला जवळ घेतलं. बायकोने पेढ्यांचा खोका पुढे केला. शेजारच्यांकडून आलेला, दुकान कुठलं ते आम्हालाही माहीत नव्हतं. मामांनी सगळे पेढे काढून नीट ताटलीत लावले. मग रिकामा खोका मांडीवर घेतला, तळाच्या पुठ्ठ्याची कड नखाने उचलली, वाकून आत बघितलं, आणि अंगठ्याने कड पुन्हा दाबून बसवली.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं.