बापूंच्या वहीतली सही

विद्यापीठाच्या जालन्यातल्या आमच्या उपकेंद्राचा मेल घरून किंवा गावाकडून उघडायचा असेल, तर आधी बापू शेळक्यांसमोर स्वतः उभं राहावं लागे. ओळखपत्र दाखवायचं, वहीत सही करायची. मग ते सर्व्हरवर तुमचा मेल बाहेरून खुला करत. फोनवर सांगितलेलं चालत नसे.

वाटूरच्या धनगराघरचा हा माणूस जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून सर्व्हर चालवायला शिकलेला. एकदा फोनवरच्या आवाजावर विसंबून त्यांनी एका प्राध्यापकांचा मेल खुला केला आणि आवाज काढणारा निघाला भलताच. तेव्हापासून त्यांनी कुणाची गय केली नाही. शहागडला गाडी बंद पडून अडकलेल्या आमच्या संचालकांनाही त्यांनी फोनवर ऐकवलं, "साहेब, आवाज बराबर तुमचाच हाय. पन सही न्हाई ना दिसून राह्यली." आम्ही पोट धरून हसलो. संचालक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी सुनंदा त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून परदेशी गेली. "आमच्यासाठी तू मेलीस," असं बापू रागाच्या भरात बोलून बसले. आणि नंतर तीन वर्षं रोज सकाळी आल्याआल्या आधी आपला मेल उघडून बघत. विचारलं तर म्हणायचे, "लिहील. माझीच लेक हाय, जिद्दी हाय जरा."

पुढे छातीच्या दुखण्यानं ते वाटूरला घरी पडून राहिले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. त्यांची खुर्ची आणि वही माझ्याकडे आली. एका सोमवारी त्यांचा फोन आला.

"फाट्यावर इंटरनेटचं दुकान निघालंय. माझा मेल बाहेरून खोलता का? पोरीचं काही आलं असंल."

मी पडलो दीडशहाणा. म्हणालो, "बापू, आवाज तुमचाच आहे, पण सही कुठंय?"

ते खो खो हसले. मग खोकले. "बिलकुल बराबर. माझ्यासाठी नियम मोडू नका."

रविवारी वही घेऊन येतो, असं मी सांगितलं. वाटूर काही फार लांब नाही. मी त्याच दिवशी एसटीनं जाऊ शकलो असतो. गेलो नाही. शुक्रवारी बापू गेले.

खातं बंद करण्यासाठी मी त्यांचा मेल उघडला. सुनंदाचा मेल न वाचलेला पडून होता, त्या सोमवारच्याही आधीचा. "बापू, मी गावी येतेय. बोलाल ना माझ्याशी? नुसतं हो लिहा."

उत्तर आलं नाही तरी ती आली. पोचली ती बापूंच्या तेराव्यालाच. जेवणं उरकल्यावर तिनं मला बाजूला बोलावलं.

"काका, माझा मेल बापूंनी वाचला व्हता का?"

तिला तेवढाच आधार होईल, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हो, वाचला होता."

"मंग हो का न्हाई लिहिलं त्यांनी?"

तेव्हा मला सांगावं लागलं, की त्यांनी तो वाचला नव्हता. आणि का वाचला नव्हता, तेही.