हमीदभाईंचे पितळी पाहुणे

झुबेदाभाभींचा फोन आला तेव्हा मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. "ताई, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. सकाळची नमाज पढून हमीदभाई घरी आले, चहा मागितला, आणि भाभी कप घेऊन बाहेर येईपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण. तरी त्या दिवशी ते ओलांडायला मला फार वेळ लागला. त्याला आता काही आठवडे झाले. पनवेलमध्ये त्यांना ओळखणारे पुष्कळ. कुणाला ते कुवेतहून परतलेले क्रेनवाले म्हणून माहीत होते, तर कुणाला पळस्प्याच्या शेडमध्ये लष्कराचा जुना आगीचा बंब बाळगणारा वेडा माणूस म्हणून. माझ्या लेखी ते कोण होते हे सांगायचं, तर त्या बंबापासूनच सुरुवात करावी लागेल.

जासईजवळच्या एका भंगारवाल्याकडे ते साखळ्या बघायला गेले होते. तिथे लष्कराच्या लिलावातून आलेला तो बंब कापायला काढला होता. गॅसकटर पेटवून माणूस पुढे झाला आणि हमीदभाई म्हणाले, थांब. "ताई, जी गाडी लोकांची घरं आगीतून वाचवायला बनवली, तिलाच आगीनं कापायचं? दिल नाही मानलं," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या गाडीला बांधून त्यांनी तो बंब पळस्प्याला ओढत आणला. सोबत दोन गोण्या भरून सुटे भाग आले, कुणीतरी आधीच उचकटून ठेवलेले. ते बघून भाभी म्हणाल्या, "अल्लाह, आता हे घरात नका आणू म्हणजे झालं."

मी तेव्हा घरातच बसून असे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला माझे यजमान गेले. मुलगी सासरी. दुपारी पडदे ओढून पडून राहायचं, संध्याकाळी दिवा लावायचा, एवढाच दिवस उरला होता. अशात एके दिवशी हमीदभाई कुंपणापाशी उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "ताई, तुम्ही सायन्स शिकवलंत ना? ही चीज काय आहे, जरा बघा." मला काही ते ओळखता आलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला असं काही विचारलं होतं, ज्याचा सांत्वनाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पळस्प्याला गेले. मला बाहेर काढावं म्हणून त्यांनी विचारलं की त्यांचं खरंच अडलं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही असावं.

बंबाच्या अंगावर लालखाली हिरवा आणि हिरव्याखाली पुन्हा लाल असे रंगांचे थर होते. पाट्यांवरची अक्षरं झिजून गेलेली. इंजिन तर हमीदभाईंच्या हातचंच काम होतं, ते त्यांनी महिन्याभरात बोलतं केलं. कोडं होतं ते मागच्या पंपाचं आणि गोण्यांमधल्या भागांचं. शेडमध्ये त्यांनी एक लांब फळी ठोकली होती. जो भाग ओळखता येत नसे तो रॉकेलनं धुऊन, पुसून त्या फळीवर ठेवायचा. त्याला ते पाहुणा म्हणत. "नाव सांगितलं नाही म्हणून पाहुण्याला कुणी हाकलतं का? बसू दे. कधीतरी बोलेल." मग एकेक पाहुणा बोलू लागला. दात असलेली एक गोल जाळी आम्ही किती दिवस उलटसुलट करून बघत होतो. डबा घेऊन आलेल्या भाभींनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "हे तर गाळणं आहे. पाण्यातला कचरा आत जायला नको ना!" जाडजूड रबरी नळीच्या तोंडावर ती अगदी बरोबर बसली. हमीदभाई त्या दिवशी भाभींना इंजिनिअरसाहेब म्हणत राहिले.

एक पाहुणा मात्र आमच्याच चुकीनं भलत्या नावानं बसून होता. पितळेचा, नळकांडीसारखा, मध्ये निमुळता, बाजूला एक दांडा. तो धूर सोडणाऱ्या नळीवर बसत होता एवढं कळलं. तिथे बसवून बघितला तर असा कर्कश वाजला की शेजारचा टपरीवाला धावत आला. शिट्टी आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. लोकांना बाजूला करायला सैनिक वाजवत असतील. कानाला त्रास नको म्हणून काढून पुन्हा फळीवर ठेवली. बंबाच्या टाकीत पाणी भरलं की पंप ते लांबवर उडवायचा. आमच्या मते गाडी पूर्ण झाली होती.

मग २००५चा पूर आला. पाणी ओसरल्यावर कोन गावचे नामदेव पाटील शेडवर आले. भातशेती करणारे, हमीदभाईंच्या ओळखीचे. "हमीदभाय, आमच्या बावीचा पानी पार नासलाय. गाल भरलाय, मेलेली कोंबरी हायत आत. पोरांना प्याला पानी नाय. तुमची गारी खेचल काय?" हमीदभाई म्हणाले, "खेचेल ना!" आम्ही गेलो. अख्खं गाव विहिरीभोवती जमलं. नळी आत सोडली, पंप चालू केला... आणि पाण्याचा थेंब नाही. पंप नुसता घोंघावत राहिला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. हमीदभाई इंजिन बंद करून चाकाला टेकून बसले. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "हमीदभाई, नळीत हवा आहे. हा पंप पाणी ढकलतो, पण हवा त्याला ओढता येत नाही. शहाळं पिताना आपण आधी नळीतली हवा ओढतो, तसं या गाडीतही काहीतरी हवा ओढणारं असणारच." त्यांनी पंपाकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "पंपाच्या अंगावर एक बारीक तोंड होतं. आपणच बूच मारून बंद केलं. तेवढंच तोंड शिट्टीलाही आहे..." आणि एकदम उभे राहिले. "ताई, ती शिट्टी नाही!"

नामदेवांच्या मोटरसायकलवर बसून ते पळस्प्याला जाऊन परत आले. पितळी नळकांडी धुराच्या नळीवर बसवली, पंपाच्या त्या तोंडाशी तांब्याच्या नळीनं जोडली. दांडा ओढला. तोच कर्कश आवाज झाला. आता जोरानं बाहेर पडणारा धूर पंपातली हवा आपल्याबरोबर ओढून नेत होता. रबरी नळी थरथरली, जड झाली, आणि काळं, घाण, दुर्गंधी पाणी धो धो करत शेतात पडू लागलं. इतक्या घाण पाण्याला लोकांनी टाळ्या वाजवलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. हमीदभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. नामदेवांनी त्यांना मिठी मारली आणि दोघंही चिखलात घसरून पडले.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही आसपासच्या कितीतरी विहिरी उपसल्या. पुढेही दर उन्हाळ्यात गाळ काढायला कुणी ना कुणी बोलवत असे. त्या बंबानं आग एकही विझवली नाही. माझे पडदे मात्र कायमचे उघडले.

त्यांच्या दफनाला कोनची माणसं ट्रक करून आली होती. त्यांचा मुलगा अश्रफ कुवेतला असतो, तो विमानानं येऊन पोचला होता. फोनवर तो नेहमी म्हणायचा, अब्बा, विकून टाका ते धूड. त्या दिवशी कबरस्तानाबाहेर तो बराच वेळ त्या गर्दीकडे बघत उभा होता. मग माझ्याकडे आला. "मावशी, ती गाडी चालू कशी करायची? दाखवाल?"

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं एका घरच्या विहिरीवर गेलो. पंप त्यानं चालवला, दांडा मी ओढला. माणसांनी आत उतरून गाळ काढला. दुपार कलली तशी अश्रफ नळ्या गुंडाळायला लागला. त्याला म्हटलं, थांब. हमीदभाई काम संपलं म्हणून कधी लगेच निघत नसत. झऱ्यांचं नवं पाणी चढेपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहत, आणि घरातल्या बाईनं पहिला हंडा काढला की त्यात वाकून बघत. हंड्याचा तळ स्वच्छ दिसला की मगच गाडीत चढत. अश्रफ नळी खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन बसला. बऱ्याच वेळानं घरातली सून आली, तिनं पोहरा सोडला, हंडा भरला आणि आमच्यापुढे आणून ठेवला. आम्ही दोघं एकदमच वाकलो.